पहिला पेला

त्या वर्षांतल्या बऱ्याच केसेस मी विसरलो, ही मात्र विसरता आली नाही. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता आणि कन्नडकडची माणसं कामासाठी वाळूजकडे सरकत होती. मी बजाजनगरच्या बाजूच्या ठाण्यात निरीक्षक होतो. टँकरवरची भांडणं मिटवण्यातच निम्मी ड्युटी जायची.

एके सकाळी सरकारी दवाखान्यातून खबर आली. एका लहान मुलीला झटके येत होते आणि रक्तात शिसं निघालं होतं. पाठोपाठ मुलीची आजी ठाण्यात आली. देवगाव रंगारीकडची, मेंढ्या राखण्यात जन्म गेलेली खमकी म्हातारी. मुलीची आई वारल्यावर या म्हातारीच्या मुलानं दुसरं लग्न केलं होतं.

"सावत्र आईनं इख घातलं, साहेब," म्हातारी म्हणाली. "तिचं सोताचं पोरगं बघा, कसं ठणठणीत हाय."

मुद्दा बिनतोड होता. एकच घर, एकच चूल. एक लेकरू मरणाच्या दारात आणि दुसरं अंगणात खेळतंय. तक्रार नोंदवून आम्ही सुनेला चौकशीला आणलं. घराचा पंचनामा केला, तिथं साधं उंदराचं औषधही सापडलं नाही. सून चॉकलेटच्या एका छोट्या कारखान्यात रोजावर होती. केरळातून आलेल्या कोकोच्या बिया वाळवायच्या, भाजायच्या आणि पाखडून टरफलं काढायची, हे तिचं काम.

विचारलं तेवढंच ती बोलायची आणि डोळ्यांत पाणी नाही. आमच्या हवालदारांच्या मते हाच मोठा पुरावा होता. रडणारा नाटकी आणि न रडणारा पोचलेला, असा पोलिसांचा हिशेब. साप साप म्हणून भुई धोपटण्यात आम्ही पटाईत.

मांडीवरचा धाकटा भुकेनं किरकिर करायला लागला, तेव्हा आमच्या महिला शिपायानं बिस्किटाचा पुडा आणून दिला. बाईनं तो हातात घेतला, पण फोडेना. पोरगं रडतंय आणि ही पुड्याकडे बघत बसलेली. मी कारण विचारलं.

"आधी ताईला द्यावं लागतं," ती म्हणाली, आणि ताई दवाखान्यात असल्याचं आठवून तिनं पुडा फोडला.

मला ते खटकलं. मी खुर्ची जवळ ओढली आणि घरात पहिला वाटा नेहमी मुलीचाच का, ते विचारलं.

"मी सावत्र हाय, साहेब. भरलं ताट आधी तिच्याम्होरं नाय ठिवलं तर लोकं काय म्हनतील?"

"आणि दूध?"

"दूध कुठलं? शेळ्या-मेंढरं इकून तर हितं आलो. कारखान्यातली टरफलं फुकट मिळत्यात. गूळ घालून उकळते, चाकलेटावानी लागतं. तिला लई आवडतं. तिला रोज पेलाभर, ह्याला दोन घोट."

मी तसाच कारखान्यावर गेलो. बिया पत्र्याच्या छतावर पसरून वाळत होत्या. शेजारच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्यांचं शिसं वितळवायची बेकायदा भट्टी होती आणि तिचा धूर थेट या छतावर यायचा. एरवी पावसानं पत्रा धुऊन निघायचा. दोन वर्षं तो धुतलाच गेला नव्हता. मी रुमाल फिरवला, तो करडा झाला.

नमुने प्रयोगशाळेत पाठवले. डॉक्टरांनी बाईचं आणि धाकट्याचं रक्त तपासलं, त्यातही शिसं होतं, कमी. प्रयोगशाळेचा अहवाल सरळ होता: टरफलं शिशानं भरलेली, आतल्या गरात त्यामानानं थोडं. भट्टीवाल्यावर गुन्हा दाखल केला आणि शेडला सील ठोकलं. चॉकलेटवाला हादरून गेला होता. त्यानं तयार माल नष्ट केला. पुढं बिया बंद खोलीत, जमिनीपासून वर जाळीवर वाळायला लागल्या, प्रत्येक खेपेची तपासणी व्हायला लागली, टरफल फाटकाबाहेर जाणं बंद झालं. एवढं आधी झालं असतं तर पुढचं लिहावं लागलं नसतं.

अहवाल येण्याआधीच मुलगी गेली.

सून निर्दोष असल्याचं सांगायला मी स्वतः तिच्या खोलीवर गेलो. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. सुनेनं सगळं ऐकून घेतलं.

"दोघांला सारखं दिलं असतं, तर जगली असती का वो?"

मी म्हणालो, बाई, कागदोपत्री तुमचा काहीही दोष नाही.

"कागदाचं नाय इचारलं, साहेब."

तिच्याविरुद्धचा आमचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे धाकट्याची तब्येत. ती चांगली राहिली, कारण बाईनं पोटच्या पोराला कमी दिलं होतं. विषाच्या केसमध्ये आम्ही वैर शोधतो. त्या घरात मला माया सापडली, आणि तिनंच घात केला होता. त्यानंतर पुराव्याकडे बघताना मी जरा थांबायला शिकलो.

पुढे कन्नडच्या बाजारात म्हातारी भेटली. सून कशी आहे, मी विचारलं.

"जेवाय बसली की पहिला वाटा अजून बाजूला काढती," ती म्हणाली. "आधी मी लई बोलायची तिला. आता मीच काढून ठिवते."