टेक्सासच्या घराला ठिबक

कौशल्याबाईंनी मोबाइल थेट माझ्या चष्म्यासमोर धरला. "हे बघा मॅडम. पोरीच्या घराला तडा गेलाय. तिला म्हणावं, आजच्या आज घर सोड."

स्क्रीनवर एक पांढरी भिंत होती. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून निघालेला तडा तिरका होत छताकडे गेला होता. पलीकडून त्यांच्या मुलीचा, अश्विनीचा, वैतागलेला आवाज आला, "आई, मॅडमना नीट बघू तरी दे!"

अश्विनी अमेरिकेत, टेक्सास राज्यात. आईवडील अहमदपूरजवळच्या खेड्यातले, शेती करणारे. आणि मी लातूरला, माझ्या लॅबमध्ये, मातीच्या डब्यांच्या पसाऱ्यात. माती तपासणं हा माझा धंदा. घर बांधायच्या आधी खालची माती किती वजन पेलेल, पाण्याने किती फुगेल, हे मी सांगते. घर बांधून भिंती फाटल्या की तेच लोक परत येतात, कारण पहिल्यांदा सांगितलेलं कुणी ऐकलेलं नसतं. अश्विनीच्या वडिलांनी, माधवरावांनी, मात्र ऐकलं होतं. त्यांच्या घराच्या पायाची माती मीच तपासली होती. म्हणून ते बायकोला घेऊन माझ्याकडे आले होते.

अश्विनीला सातवा महिना लागला होता. कौशल्याबाईंनी बाळंतपणाला जायचं ठरलेलं. व्हिसा झालेला, मेतकूट-डिंकाचे डबे भरलेले. तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर बाळाची खोली दाखवताना हा तडा दिसला. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, घर सोडा, न्हाई तर मी येत न्हाई. पोरगी म्हणे, घर विकत घेतलंय, असं कसं सोडू? मायलेकींचं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती.

मी माझं नेहमीचं सुरू केलं. "ताई, असे तडे किरकोळ असतात..."

"मॅडम, माझं माहेर औशाकडचं," त्या म्हणाल्या. पुढे काही बोलायची गरज नव्हती, पण त्या बोलल्या. "आमच्या भिंतीला बी आधी तडाच दिसला व्हता. गावातले शाणे म्हणले, किरकोळ हाय. मग त्र्याण्णवचा भूकंप झाला. माझी धाकटी बहीण त्याच भिंतीखाली गेली."

मला लाज वाटली. लातुरात इतकी वर्षं काम करून मी अशा बाईसमोर 'किरकोळ' म्हटलं होतं.

"तिथं भूकंप होत न्हाई, असं लिहून देता का?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. माधवराव डोळ्यांनी तेच सुचवत होते. पण मी म्हटलं, "नाही देत. टेक्सास लई मोठं आहे ताई. आपले दोन महाराष्ट्र आत बसतील आणि वर जागा उरेल. त्याच्या पश्चिमेला तेलाच्या विहिरी आहेत, तिकडे अधूनमधून धक्के बसतात. पण हा तडा त्याचा नाही, असं मला वाटतं."

"वाटतं," त्या म्हणाल्या आणि मोबाइल माझ्या हातात देऊन तोंड फिरवलं.

तेवढ्यात तिकडून जावई, नितीन, कॅमेऱ्यात आला. पोरगा नांदेडचा, पण टेक्सासचा अभिमान त्याला तिथल्या माणसांपेक्षा जास्त. सासूबाईंना धीर द्यायचा म्हणून तो राज्याची थोरवी सांगायला लागला. "आई, इथे सगळं दणकट असतं. टेक्सास आधी मेक्सिकोचा भाग होता. त्यांच्याशी लढून वेगळा देश झाला, मग काही वर्षांनी अमेरिकेत आला. इथली माणसं अजून सांगतात, आम्ही देश होतो म्हणून."

"आमचं बी निजामाचं राज येगळंच व्हतं की," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं भिंती पक्क्या झाल्या का?"

माधवरावांनी विषय बदलायला तिथल्या गुरांची चौकशी केली. नितीनने उत्साहाने लाँगहॉर्न बैलाचा फोटो दाखवला. शिंगं दोन्ही बाजूंना हातभर लांब. माधवरावांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि निकाल दिला, "शिंगं हायेत, पण आपल्या लाल कंधारी बैलाचा डौल न्हाई." मी टेबलावर पेन आपटलं. हे असंच चाललं असतं तर पोटातलं पोर कॉलेजात जाईपर्यंत बैठक संपली नसती.

"अश्विनी, बाहेर जा," मी म्हटलं. "भिंतीच्या कडेची जमीन दाखव."

इथे संध्याकाळ झाली होती, तिकडे सकाळ. ती सावकाश बाहेर गेली. मोबाइल खाली वळवला आणि माधवराव खुर्चीतून उठलेच. "अगं, ही तर आपली काळी!"

खरंच ती काळी माती होती. सुकून ढेकळं झालेली, भेगाळलेली. घराच्या काँक्रीटपासून माती सुटून फट पडली होती, तिच्यात अश्विनीची बोटं सहज गेली. मला मनापासून आनंद झाला. परमुलखात आपल्या गावचं माणूस भेटावं तसं वाटलं. टेक्सासमध्ये काळ्या मातीचा एक लांब पट्टा आहे. उत्तरेकडून निघतो तो डॅलस, ऑस्टिन करत सॅन अँटोनियोपर्यंत उतरतो. एके काळी त्यावर कापूसच कापूस होता. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. आपण तिच्यावर बांधताना ती खणून काढतो, मुरूम भरतो किंवा पाया खोल नेतो. तिकडची बरीच घरं म्हणजे जमिनीवर टाकलेला काँक्रीटचा स्लॅब आणि वर लाकडी सांगाडा. कडेची माती आकसली की स्लॅबची कड खाली बसते आणि भिंत दाराच्या कोपऱ्यात फाटते.

"आणि तो काळा पाइप कसला?" मी विचारलं. भिंतीलगत बारीक भोकांचा पाइप गेला होता, तोंड बांधलेलं.

अश्विनी जरा घुटमळली. "आधीच्या मालकानं लावलेला. उन्हाळ्यात त्यातून घराभोवती पाणी झिरपायचं. मी बंद केला."

"का?"

"मॅडम, मी लातूरला हॉस्टेलला होते. टँकर आला की बादल्या घेऊन पळायचो. इथं ना झाड, ना फूल, नुसत्या मातीला पाणी! मला बघवेना."

कौशल्याबाई कितीतरी वेळाने मोबाइलकडे वळल्या. "बरोबर केलं माय," त्या म्हणाल्या. "वाया कामून घालायचं?"

मला हसू आवरेना. रोगाचं कारण सापडलं होतं आणि आई त्याला शाबासकी देत होती.

"ताई," मी म्हटलं, "काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या पावसात कुठं जातात?"

"मिटतात."

"आणि भूकंपाचा तडा?"

त्यांनी मान हलवली. "त्यो कशाचा मिटतो."

"मग आपण हा मिटतो का बघू. अश्विनी, तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण कर. पाइप सुरू कर, पण चिखल नको. घराखालच्या मातीला वाफसा पाहिजे. ओलीगच्च नाही, कोरडी नाही."

नितीनने याआधी, घर बघून गेलेल्या तिथल्या इंजिनिअरचं म्हणणं अश्विनीला मॉइश्चर-बिइश्चर लावून समजावलं होतं, ते तिच्या डोक्यावरून गेलं होतं. वाफसा म्हटल्यावर शेतकऱ्याच्या पोरीला पुढे काही विचारावं लागलं नाही.

"म्हणजे घराला ठिबक लावायचं," माधवराव म्हणाले.

त्यानंतर कौशल्याबाई रोज व्हिडिओ कॉल करायच्या. "कशी हायेस" विचारायच्या आधी "तडा दाखव" म्हणायच्या. मला फोटो यायचे. पहिले काही दिवस काही फरक दिसेना आणि खरं सांगते, मलाही धाकधूक वाटत होती. माझं चुकलं असतं तर ही बाई पुन्हा कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवणार नव्हती. मग खुणा हळूहळू जवळ यायला लागल्या. जिथे बोटाचं नख जायचं तिथे केसाएवढी रेघ उरली. त्या दिवशी कौशल्याबाईंनी मला स्वतः फोन केला. "मॅडम, मिटत आला," एवढंच म्हणाल्या. आवाज रडवेला होता.

त्या टेक्सासला गेल्या. मुलगी झाली. काही दिवसांनी माधवराव लॅबवर पेढे घेऊन आले. पेढा हातात ठेवला आणि तसेच उभे राहिले.

"मॅडम, एक सांगायचं व्हतं. माझं लग्न झाल्यापासून ही घरात झोपली न्हाई. थंडी असो, पाऊस असो, बाहेर पत्र्याच्या छपरीत. तुमी पाया तपासलेल्या घरात बी न्हाई. पोरगी सांगत व्हती, तिथं नातीला घेऊन त्याच खोलीत, त्याच भिंतीला पाठ लावून झोपती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो पाया तपासून मी रिपोर्ट दिला होता, त्यावर 'सुरक्षित' असं लिहून सही केली होती.

त्यावरून एक शिकले. तडा बघायला गेलं की आधी घरातल्या बाईला विचारायचं, रात्री झोपता कुठे. फुटपट्टी मग काढायची.