लाकडी की एबोनाइटचं

ओझरच्या विमान कारखान्यात लागून मला तिसरं वर्ष चाललं होतं. संध्याकाळी बसमधून उतरलो की मी थेट उस्तादांकडे जायचो. त्यांनी आयुष्यभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं होतं. आता घरीच शिकवायचे. मी आमच्या वस्तीतल्या बँडसाठी शिकत होतो. माझं क्लॅरिनेट पत्र्याचं, कुणीतरी वापरून दिलेलं. वरच्या सुरांत गेलं की किंचाळायचं. मी कित्येक महिने स्वतःच्या ओठांनाच दोष देत होतो. एकदा उस्तादांनी ते स्वतः फुंकून पाहिलं आणि खाली ठेवलं.

"तुझी चूक नाही. हा बाजा आता तुला पुरत नाही. दुसरा बघ."

तेव्हापासून मला चैन पडेना. मशीनसमोर उभा असलो तरी बोटं चालूच. आई म्हणायची, "जेवताना तरी हात गप्प ठेव."

मेनरोडच्या एका दुकानात एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, नवं क्लॅरिनेट होतं. काळं, साधं, मला परवडणारं. उस्तादांनी ते वाजवून पाहिलं, सगळे सूर सारखे लागले. "घेऊन टाक," ते म्हणाले. पण देवळालीला लष्करी बँडमधल्या एका वादकाच्या विधवेला नवऱ्याचं लाकडी क्लॅरिनेट विकायचंय, तेही स्वस्तात, असं माझ्या कानावर आलं होतं. रविवारी मी तिकडे गेलो.

फुंकलं मात्र, आणि खालचा सूर असा भरून आला की मी थांबेचना. बाई दाराशी बसून ऐकत होत्या. मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कुठे वाजवणार?"

"जयंतीच्या मिरवणुकीत. एप्रिलमध्ये."

"चालत? उन्हात?"

"हो. चार-पाच तास."

त्यांनी क्लॅरिनेट माझ्या हातातून घेतलं आणि वरच्या चावीखालची केसाएवढी चीर दाखवली. "ही उन्हानंच पडली. ह्यांनी भरून घेतली होती. पुन्हा उन्हात नेलंस तर उकलेल. मी नाही देणार तुला."

"मी जपेन, मावशी."

"जपायचं तर घरात ठेवावं लागेल. तुला रस्त्यावर वाजवायचंय ना?"

मी तिथून निघालो. बसस्टॉपवर दोन बस सोडल्या. आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा. दुसऱ्या दिवशी कामावरून परतल्यावर दुकानातलं एबोनाइटचं घेतलं.

मिरवणुकीत ते एकदाही किंचाळलं नाही. रस्ता तापलेला, गर्दी नाचत होती. उस्ताद थोडा वेळ बाजूने चालले आणि म्हणाले, "सूर बरोबर आहेत. पळतोयस कशाला?"

पावसाळ्यानंतर, ते लाकडी क्लॅरिनेट एकदा तरी फुंकायला मिळावं म्हणून, मी पुन्हा देवळालीला गेलो. घराला कुलूप होतं. बाई मुलीकडे राहायला गेल्याचं शेजारणीनं सांगितलं. क्लॅरिनेट विकलं की सोबत नेलं, हे तिला माहीत नव्हतं.