कण्हेरीचा हार

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कापसाची शेवटची वेचणी झाली की पांढुर्ण्याजवळच्या आमच्या वावरात कच्छी मेंढपाळांचा डेरा पडायचा. मेंढ्या वावरात बसायच्या, त्यांना चारा मिळायचा आणि आमच्या जमिनीला खत. मी मात्र जायची ती उंट पाहायला. मेंढ्यांत काय पाहायचं, सगळ्या एकाच तोंडाच्या.

उंटाचं खाणं खरंच पाहत राहावं असं. बाभळीचे लांब काटे तो इतक्या सुखानं चावायचा की आपल्याच जिभेवर काटा यावा. बोर, हिवर, हिंगणबेट, काही म्हणून सोडायचा नाही. पाडव्याला निंबाची दोन पानं गिळायची म्हटलं तर आम्ही पोरं घर डोक्यावर घ्यायचो, आणि हा गडी डोळे अर्धे मिटून निंबाच्या फांद्याच्या फांद्या फस्त करायचा.

डेऱ्याची मालकीण काळ्या कपड्यांतली, उंचीपुरी, खणखणीत आवाजाची बाई होती. वर्षानुवर्षं येऊन आमची बोली शिकलेली. कोणतं झाड उंटाला काय करतं हे ती न विचारता सांगत सुटायची, आणि तेही अशा तोऱ्यात की जणू रानातली सगळी झाडं तिनंच लावली. बाभळीच्या शेंगांनी जनावर अंग धरतं, व्यालेल्या उंटिणीला गुळवेल द्यावी, खरूज झाली की निंब. धोतरा दिसला की ती दोर आखडायची. माझी आईही काही कमी नव्हती. गुळवेलीचा काढा न्यायला अर्धं गाव आमच्या दारात यायचं. दोघी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसल्या की एक दुसरीला बोलू द्यायची नाही. मला दोघींचंही फार कौतुक वाटायचं.

एका वर्षी डेरा उठायच्या दिवशी आईच्या मनात आलं, यांना असंच कोरडं कसं पाठवायचं? पोळ्याला बैलांची करतो तशी उंटांची पूजा करायची तिनं ठरवलं. कुंकू, आरती आणि दारातल्या पिवळ्या कण्हेरीच्या फुलापानांचे हार. कण्हेर विषारी असते हे आईला माहीत नव्हतं असं नाही. पण आमचे बैल दर पोळ्याला तेच हार घालून गावभर मिरवायचे. कडू झाडाला बैल तोंड लावतच नाही. आम्ही बैलवाली माणसं, आमचा सगळा अंदाज बैलावरून.

मालकीण पाणी आणायला गेली होती. आईनं एका उंटाच्या गळ्यात हार घातला, दुसरा हातात घेतला, तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या उंटिणीनं मान लांबवली आणि त्याच्या गळ्यातला अर्धा हार तोंडात ओढला. ती बाई घागर टाकून धावत आली. उंटिणीच्या जबड्यात हात खुपसून तिनं चोथा बाहेर काढला. बोटं रक्तबंबाळ झाली. तरी थोडं पोटात गेलंच होतं.

"हे बैल नोहे, बाई," ती आईला म्हणाली. "हिले कडूच गोड लागते."

मग तिनंच बांबूच्या नळीनं उंटिणीला तूप घातलेलं ताक पाजलं. थोड्या वेळानं तिच्या तोंडातून लाळ गळू लागली आणि तिनं मान मातीवर टाकली. या उंटिणीच्या पाठीवर त्या बाईचं सगळं घर चालायचं. भांडी, गोधड्या, वर उलटी बांधलेली खाट, आणि खाटेच्या पायांमध्ये बांधलेला तान्हा नातू. दुसऱ्या कुठल्याच उंटावर ती नातवाला बसवत नसे. ही कधी बिचकत नाही, असं ती सांगायची.

आई दिवसभर उंटिणीजवळ उन्हात बसून राहिली. जेवायला उठली नाही. एकदाच म्हणाली, "म्या मारून टाकलं वं हिले." बाईला राग आला होता आणि तो तिनं लपवलाही नाही. ती उंटिणीच्या बरगडीला कान लावून ऐकत होती, मध्येच आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. त्या रागातही तिचा हात उंटिणीच्या मानेवरून किती हळू फिरत होता, ते मी अजून विसरले नाही.

ऊन उतरल्यावर उंटिणीनं मान उचलली. मग मागचे पाय, मग पुढचे, असं करत थरथरत उभी राहिली. आई माझ्यासमोर पहिल्यांदाच रडली.

उंटिणीसाठी डेरा आणखी दोन दिवस थांबला. निघायच्या सकाळी बाईनं सामान लादलं, खाट बांधली, खाटेत नातवाला बांधलं आणि उंटिणीचा दोर आणून आईपुढे धरला. आईनं हात मागे घेतले. माझ्या हाती नको, म्हणाली.

"तुह्याच हाती," बाई म्हणाली. "आता तुह्याएवढं डोळ्यात तेल घालून कोन चालन?"

आईनं दोर घेतला. रस्त्याच्या मधोमध, दोन्हीकडच्या कुंपणांपासून उंटिणीला दूर ठेवत ती जाम नदीपर्यंत चालत गेली. दर झाडापाशी थांबायची, मागे वळून विचारायची, "हे चालते का?" बाई मागून सांगायची. वर खाटेत नातू झोपला होता.