अप्पांची कापलेली वरात

आमचे अप्पा, म्हणजे माझे वडील, एका जुन्या मराठी चित्रपटात आहेत, पण हे अप्पांखेरीज कुणीही पाहिलेलं नव्हतं.

कॉलेजात असताना धारवाडजवळच्या एका शूटिंगमध्ये त्यांना वरातीतला वऱ्हाडी म्हणून उभं केलं होतं. पुढे तो चित्रपट टीव्हीवर आला, पण आखूड करून! आम्ही सगळे डोळे फाडून बसलो होतो. नायक घोड्यावर चढला आणि पुढच्याच क्षणी त्याला मुलगा झाला. वरात गायब!

"थेटरातल्या सिनेमात होतो की रे मी! हातात पेट्रोमॅक्सची बत्ती होती!" अप्पा कळवळून सांगायचे.

"हो हो, अप्पा," आम्ही म्हणायचो. (हे 'हो हो' सरळ 'नाही' म्हणण्यापेक्षा वाईट.)

अप्पा ऐंशीचे झाले तेव्हा मी ती वरात शोधायचा चंग बांधला. थेटरात लागला होता तस्साच अख्खा चित्रपट पुन्हा उभा करायचा, असल्या वेडाचा इंटरनेटवर आमचा एक गट आहे. पुण्याचे दाते त्याचे म्होरके. त्यांनी या चित्रपटाचे बाकीचे सगळे तुकडे जमवले होते, अडलं होतं ते वरातीपाशी. आणि ती मला सापडली! जुन्या हुबळीत, बंद पडलेल्या एका टॉकीजच्या मालकाच्या माडीवर, पत्र्याच्या डब्यात.

घरी डबा उघडला, तर आंबूस भपकारा!

"लोणचं नासलं का हो?" माझी बायको नंदा स्वयंपाकघरातून ओरडली.

"लोणचं नाही, हा इतिहास आहे!"

"मग इतिहास गच्चीवर ठेवा!"

दात्यांनी फोनवर बजावलं होतं, "रिळाला हात लावू नका, तसंच पाठवा." पण वारा लागला की वास जाईल, असं माझं शास्त्र. मी रीळ उलगडून कपड्यांच्या दोरीवर वाळत घातलं. आणि सुटला की धारवाडचा वारा! निम्मी वरात शेजारच्या शांतक्कांच्या शेवग्यावर, निम्मी त्यांच्या गाईच्या शिंगांत. गाय भेदरून रस्त्याकडे निघाली.

"अय्यो, एन्री इदु? काय हे?" शांतक्का किंचाळल्या.

"सिनेमा आहे, अक्का! गाय धरा!"

"कुणाचा सिनेमा?"

"अप्पांचा!"

खिडकीतून अप्पा ओरडले, "अरे सावकाश! शिंगाजवळ माझं तोंड असेल!"

गाय सापडली. रिळाचे मात्र तुकडे झाले. मी जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसलो आणि ते अंदाजानं चिकटपट्टीनं जोडून, कुणाला काही न सांगता पुण्याला पाठवले. दात्यांनीही घाईत वरात चित्रपटात जशीच्या तशी बसवली आणि अप्पांसाठी धारवाडात ठेवलेल्या खेळाच्या दिवशी स्वतःच घेऊन आले.

सुभाष रोडजवळचं सभागृह नातेवाइकांनी भरलं. पडद्यावर नायक घोड्यावर चढला, सनई वाजली... आणि पेट्रोमॅक्स धरून कोवळ्या मिशांचे अप्पा आले! अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. नंदानं शिट्टी मारली. (लग्नापासून ही कला तिनं लपवली होती!) अप्पा कमानीतून बाहेर गेले. टाळ्या!

आणि ते पुन्हा आले! पुन्हा कमानीकडे निघाले. पुन्हा टाळ्या! मग घोड्यासकट सगळी वरात डोकं खाली पाय वर करून वटवाघळांसारखी निघाली आणि शेवटी अप्पा तिसऱ्यांदा, सरळ होऊन, हसत हसत आले. लोकांनी खुर्च्या बडवल्या.

"अप्पा, एवढा मोठा रोल होता तुमचा?" शांतक्का थक्क!

"मला तरी कुठं आठवत होतं ग," अप्पा डोळे पुसत म्हणाले. नातेवाईक त्यांच्या पाया पडायला रांगेत उभे होते.

तेवढ्यात दाते माझ्या कानाशी लागले. "अहो, ते उलटं... मुळात असंच होतं?"

मी अप्पांकडे पाहिलं.

"असंच," मी गंभीरपणे म्हणालो. "दिग्दर्शक काळाच्या फार पुढे होता."

आता गटात त्या उलट्या वरातीच्या गूढ अर्थावर रोज वाद झडतात आणि निकाल द्यायला, या विषयातले जाणकार म्हणून, सगळे मलाच बोलावतात!