बॉयलर पेटेपर्यंत अनवाणी

"काहून एवढं बघायलात मॅडम? तिथं दुखत न्हाई मला."

दिगंबरकाकांच्या तळव्यातून मी बाभळीचा काटा ओढून काढत होते. ते मात्र शेजारच्या पेशंटला आपली साखर किती खाली आली ते सांगत होते. काटा मोठा होता, पण मी घाबरले ते त्यांच्या न दुखण्याला.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर होते. दुष्काळात ऊस वाळला आणि गाळप बंद पडलं. काका बॉयलरचे फायरमन. उसाची चिपाडं जाळून वाफ तयार ठेवणं हे त्यांचं काम. ते थांबल्यावर माणूस गेटसमोरच्या लिंबाखाली दिवसभर पत्ते खेळत बसायचा. मधुमेह जुना. बसून बसून साखर चढली, तेव्हा मी त्यांना रोज सकाळी चालायला सांगितलं.

"बिनकामाचं चालायचं? लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं डोस्कं फिरलं."

"म्हणू द्या. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर वापरतात. नेमानं चाललात तर इन्सुलिनही नीट काम करतं. फक्त खाडा नको."

त्यांनी खाडा केला नाही. काही महिन्यांत साखर उतरली, बीपी उतरलं, झोप लागू लागली. लिंबाखालचे बरेच जण पत्ते टाकून त्यांच्यामागं निघाले. "मॅडम, तुमचं गोळ्यांचं कपाट आता विकून टाका," असं ते मला चिडवत.

मग गेटसभा झाली. येता हंगाम सुरू करणारच, असं चेअरमननी सांगितलं. काका उठले, चपला काढल्या आणि म्हणाले, "बॉयलर पेटल्याबिगर पायात वहाण घालणार न्हाई." आमच्या भागात नेत्यासाठी, कामासाठी असा पण करणारे कार्यकर्ते गावोगाव सापडतात. टाळ्या पडल्या. चेअरमनसाहेबांनी त्यांना हार घातला.

काटा काढल्यावर मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. नायलॉनचा जाड धागा तळव्यावर दाबायचा आणि लागलं की पेशंटनं 'हो' म्हणायचं, एवढीच ही तपासणी. मी दोन्ही तळव्यांवर जागोजागी दाबून पाहिलं.

काका शेवटी म्हणाले, "करा की सुरू."

जुन्या मधुमेहात नसा अशा बधिर होतात. पाय भाजतो, चिरतो, आणि माणसाला पत्ताच नसतो.

"काका, उद्यापासून बूट. नाहीतर चालणं बंद."

"चालणं तुमीच लावलं. अन् शब्द मी गेटावर दिलाय, समद्यांम्होरं."

"पाय जाईल."

"शब्द गेल्यावर पाय घेऊन कुठं जाऊ?"

मी चेअरमनच्या केबिनमध्ये गेले. "साहेब, ते तुमचंच ऐकतील. तुमच्या हातानं त्यांना चपला द्या."

"हा श्रद्धेचा विषय आहे, मॅडम. तुम्ही गोळ्या द्या."

"गोळीनं तळव्याला संवेदना येत नाही."

ते हसले. "तुम्ही नवीन आहात. तो अनवाणी फिरतोय, तोवर कामगार शांत आहेत. त्यानं चपला घातल्या की सगळे मला विचारतील, बॉयलर कधी?"

"मग उत्तर द्या."

"ऊस कुठाय?"

म्हणजे हंगाम होणार नव्हता, आणि हे त्यांना माहीत होतं. मी तडक काकांच्या घरी गेले. "बॉयलर पेटणार नाही. साहेब स्वतः म्हणाले."

"तुमाला म्हणले न्हवं? गेटावर म्हणू द्या. तवाच्या तवा घालतो चपला."

साहेब गेटावर बोलले नाहीत.

उरला एकच उपाय. काकांच्या पत्नीला, सुमनमावशींना, मी रोज संध्याकाळी त्यांचे तळवे बघायला शिकवलं. टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या घरात पाय धुवा कसं सांगायचं? मावशी ओल्या फडक्यानं पुसत, खडा, काटा, फोड शोधत. लहानसहान जखमा त्यांनी वेळेवर दाखवल्या. त्या भरल्याही.

वैशाखात साहेबांनी दुष्काळी मदतीसाठी तहसीलवर मोर्चा काढला. सर्वांत पुढं अनवाणी काका, मागं साहेबांची एसी गाडी. डांबर पाघळत होतं. मी गेटपाशी आडवी गेले. साहेबांचा पीए म्हणाला, "मॅडम, राजकारण करू नका." मोर्चानंतर सगळे तिथंच ठिय्या देऊन बसले. मावशी गावात, काका तहसीलच्या मांडवात. तळवे बघणारं कुणी नव्हतं.

पाच-सहा दिवसांनी काकांना जीपमधून परत आणलं ते तापानं फणफणलेले. दोन्ही तळव्यांचं कातडं सुटलं होतं. डावा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. वास दवाखान्याच्या दारात येत होता. बीडच्या मोठ्या दवाखान्यात डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

साहेब वॉर्डात आले. सोबत फोटोवाला आणि नव्या चपलांचं खोकं.

"दिगंबरराव, पुरे झाला आता पण."

मावशींनी खोकं उघडलं. उजवी चप्पल काढून काकांच्या उजव्या पायाशी ठेवली. डावी साहेबांच्या हातात दिली.

"ही तुमी ठेवा."

फोटो निघाला नाही. बॉयलरही त्या वर्षी पेटला नाही.

काका आता कुबड्या घेऊन रोज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. साखर आटोक्यात आहे. चालण्याइतकं स्वस्त आणि गुणकारी औषध मला आजही दुसरं माहीत नाही. पण ते देण्याआधी मी पेशंटचे तळवे बघते. पायात काही नसेल, तर कुणाच्या शब्दाखातर चपला सोडल्या ते विचारते. साहेबांच्या शब्दाखातर असेल, तर साहेबांच्या पायात काय आहे ते बघून यायला सांगते.