टेपवर न आलेली मागणी

“तुम्ही दोघी पडद्यामागेच बसा. दिसलात की परिणाम जातो,” आमच्या विडीवस्तीवर स्लाइड-टेपचा कार्यक्रम करणाऱ्या धरमपेठेतल्या बाई म्हणाल्या. हसूनच म्हणाल्या.

मी सतरा वर्षांची. शेजारी माय. तिच्या मांडीवर सूप, तेंदूची पानं, तंबाखू. दिवे मालवले की तिनं पानं कापायची. कात्रीचा आवाज खरा हवा. तंबाखूचा वास खरा हवा. विडीवाल्यांच्या खोपटात बसल्यासारखं लोकांना वाटलं पाहिजे.

अंधार झाला. भिंतीवर स्लाइड आली. मायची बोटं, भिंतीएवढी. टेपवर माय रडली. माझा धाकटा भाऊ खोकून खोकून गेला, ते सांगताना रडली होती. हॉलमधून हुंदके आले. इकडे खरी माय पानं कापत होती. तिच्याकडे पाहणारी मी एकटी.

मध्येच तिची कात्री थांबली. “माही छाटची गोष्ट आलीच नाही वं. काहून?”

बाई टेप घेऊन घरी आल्या तेव्हा मायनं आधी तेच सांगितलं होतं. मुनीम चांगल्या विड्या खराब म्हणून बाजूला काढतो. ती छाट. तिची मजुरी नाही. मग त्याच विड्या विकतो. छाट आमच्यासमोर तोडा, एवढीच मागणी.

बाईंनी तेवढंच काढून टाकलं होतं. हॉल मुनिमाच्या मालकांनी, विडी कारखान्याच्या शेठजींनी दिलेला. पहिल्या रांगेत तेच.

मी पडद्याबाहेर, भिंतीसमोर आले. स्लाइडमधली मायची बोटं माझ्या झंपरावर पडली. वस्तीत पत्रकं मोठ्यानं वाचून दाखवणारी मी, तरी आवाज चिरकला.

“रडली ते ऐकलं. आता मागते काय तेही ऐका. छाट आमच्यासमोर तोडा!”

दिवे लागले.

“इतका छान चालला होता हो कार्यक्रम,” कोणीतरी म्हणालं. रुमाल पर्समध्ये गेले. शेठजींनी चहा मागवला.

आम्ही वस्तीकडे निघालो. सीताबर्डी मागे पडल्यावर माय म्हणाली, “उद्या पानं नाही भेटन आपल्याले.”

भेटली नाहीत; मुनिमानं आमचं काम बंद केलं. शेजारणींनी दारं लोटून घेतली. त्यांचीही चूल त्याच मुनिमाच्या हातात.

मी रोज कारखान्याच्या फाटकाशी उभी राहते. एकटी. तेच वाक्य म्हणते. बाई, तुमच्या हॉलमधले हुंदके मला नकोत. टेप घेऊन पुन्हा वस्तीत आलात, तर आधी मागणी भरून घ्या. ती वगळलीत, तर मायचा एक शब्दही मी तुम्हाला नेऊ देणार नाही.