नंदाताईंनी जोडलेली मागची खोली

नंदाताई कुणाकडे इंटरनेट दुरुस्त करायला आल्या की पिशवी उघडण्याआधी पालीला राहणाऱ्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावत आणि बोलत बोलत घरभर फिरत. "आता माजघरात हाय. आता मोरीपाशी आले. येतंय का ऐकू?" बहीण जिथं 'तुटतंय' म्हणे, तिथं त्या भिंतीवर खडूनं बारीक फुली मारत. आमच्या मागच्या खोलीत त्यांनी पाच फुल्या मारल्या.

अलिबागपासून थोडं आत आमचं गाव. नंदाताईंच्या यजमानांचा इथं केबलचा धंदा होता. ते गेल्यावर बाईंनी तो बंद केला नाही. हळूहळू इंटरनेटचं कामही शिकून घेतलं. पन्नाशीची बाई पदर खोचून शिडीवर चढते, याचं लोकांना आधी हसू आलं. पुढं तेच लोक दुसऱ्या कुणाला बोलावीनासे झाले.

मी न्हावा शेव्याला एका मालवाहतूक कंपनीत आहे. माझे वडील, अण्णा, अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळले आणि मी घरून काम करू लागलो. जन्मभर शाळेत शिकवलेल्या या माणसाची वाचाच गेली होती. मुंबईच्या एक डॉक्टरबाई आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडून एकेक शब्द म्हणवून घेत. पण अण्णांची खोली मागच्या अंगाला, न्हाणीघर जवळ म्हणून तीच सोयीची, आणि तिथल्या जांभ्याच्या जाड भिंतींतून हॉलमधलं वायफाय पोहोचत नसे.

नंदाताईंनी मधल्या खोलीत सिग्नल पुढं ढकलणारा एक डबा बसवला. मोबाईलवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसू लागल्या, मी खूश झालो. चार दिवसांनी त्यांनी आपणहून फोन केला आणि अण्णांचा बोलण्याचा वर्ग कसा चाललाय ते विचारलं. मी बरा चाललाय म्हणालो. त्यांना ते पटलं नसावं, कारण पुढच्या वर्गाला त्या स्वतः येऊन अण्णांच्या उशाशी बसल्या.

अण्णांना 'पाणी' म्हणायचं होतं. त्यांनी ते म्हटलं, अडखळत पण पूर्ण म्हटलं. पलीकडे मात्र नुसता 'पा' पोहोचला. डॉक्टरबाई प्रेमानं म्हणाल्या, परत म्हणा. असं तीनदा झालं. चौथ्यांदा अण्णांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मीसुद्धा इतके दिवस त्यांचंच चुकतंय असं धरून चाललो होतो.

नंदाताई उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेल्या. "अण्णा, तुम्ही बरोबर बोललात. मी ऐकलं. चुकलं ते माझं यंत्र."

मग त्यांनी मला चूक समजावली. त्या डब्यात वायफायचा एकच रेडिओ होता. त्यानंच हॉलकडचं ऐकायचं आणि त्यानंच अण्णांपर्यंत पोहोचवायचं. "ऐकताना त्याला बोलता येत न्हाय, बोलताना ऐकता येत न्हाय. म्हणून शब्द गळतात," त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी त्यांनी तो डबा काढून नेला आणि तीन नवे आणले. प्रत्येकात तीन रेडिओ: दोन घरातल्या फोन-लॅपटॉपसाठी, तिसरा फक्त डब्याडब्यांनी आपसात बोलण्यासाठी. मधला डबा त्यांनी मधल्या खोलीच्या दोन्ही दारांच्या सरळ रेषेत ठेवला. "भिंतींशी भांडायचं न्हाय. दार हाय ना, त्यातनं जायचं."

त्यानंतरच्या वर्गात डॉक्टरबाईंना 'पाणी' ऐकू गेलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी मान वळवून नंदाताईंकडे पाहिलं. त्या खाली बसून वायर गुंडाळत होत्या, पण डोळे पुसायला त्यांना हात मोकळा करावा लागला.

अण्णा पूर्ण बरे झाले नाहीत. वर्षभरात तीसेक शब्द परत आले. तोवर नंदाताईंचे गुडघे गेले, शिडी सुटली, आणि त्या लेकीकडे पनवेलला राहायला निघाल्या. जाण्याआधी पासवर्ड लिहिलेली वही द्यायला आल्या, तेव्हा अण्णांनी त्यांना हाक मारली.

"नंदा..." एवढं म्हणून ते थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. 'सांभाळून जा म्हणतायत,' असं मी सवयीनं बोलून गेलो. नंदाताईंनी हातानंच मला थांबवलं आणि त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. बाहेर रिक्षा उभी होती. रिक्षावाल्यानं दोनदा हॉर्न दिला. त्या हलल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, "परत... ये."

"व्हय अण्णा, येईन," त्या म्हणाल्या आणि मगच उठल्या.

मी काय बोलून गेलो होतो आणि अण्णांना काय म्हणायचं होतं! त्या दिवसापासून मी त्यांचं वाक्य पुरं करत नाही. शेजारी बसतो आणि वाट बघतो.